सकाळी सहाला पुन्हा कामावर

शिरगावच्या सुरूच्या बनात त्या रविवारी मामा-भाचीचं वाजलं ते १० मिनिटांच्या भाषणावरून. २६ जानेवारी जवळ आली होती आणि शाळेनं मामाला मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. मामा खडकीच्या मुंबई सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंत्यांच्या दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेला. विषय त्यानं स्वतःच ठरवला होता : सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, परमवीरचक्र. भाची बोईसरला, तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. मामाचं अक्षर मामालाच लागत नाही, म्हणून भाषण मोबाइलवर टाइप करून द्यायला ती पालघरहून रिक्षानं आली होती. आईनं दोन डबे दिले होते, एकात रव्याचे लाडू, दुसऱ्यात चिवडा. ते संपेपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चाललं.

पहिल्याच वाक्याला ती अडली.

“‘राणेसाहेब चालत्या रणगाड्याच्या पोटाखाली, दोन पट्ट्यांच्या मधोमध सरपटत सुरुंग काढत गेले.’ मामा, हे लिहिलंय कुठे?”

“लिहायला कशाला पाहिजे? रिक्रूट होतो तेव्हा पहिल्या महिन्यातच ऐकलंय मी हे. हातात दोरी. दोरी ओढली की वरचा ड्रायव्हर रणगाडा थांबवणार, पुन्हा ओढली की चालवणार. रणगाडा म्हणजेच छत्री. वरून मशिनगन कितीही वाजू दे.”

“मी शौर्याचं अधिकृत वर्णन वाचलं. पदकाबरोबरचं. त्यात रणगाड्याचं पोट नाही, दोरी नाही.”

“मग काय आहे?”

“वेळा आहेत,” ती म्हणाली. “आमच्या शिफ्टच्या रजिस्टरमध्ये असतात तशा.”

मामानं सुरूची एक काडी उचलून दातात धरली. रागावला की तो असं करतो.

राणे हे नाव महाराष्ट्रात माहीत असायला हवं तेवढं माहीत नाही. त्यांचा जन्म २६ जून १९१८चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलिसात शिपाई. १० जुलै १९४०ला राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे मामाच्याच मुंबई सॅपर्समध्ये, साधे सॅपर म्हणून भरती झाले आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. बुथिडौंगमधून फौज मागे हटली तेव्हा काही महत्त्वाच्या गोष्टी उडवून देण्यासाठी त्यांना दोन सेक्शन घेऊन मागे ठेवलं होतं. काम झाल्यावर नौदलाच्या जहाजानं त्यांना उचलायचं होतं. ते जमलं नाही, तेव्हा जपानी गस्तीला चुकवून नदी ओलांडत ही माणसं स्वतःच परतली. राणे हवालदार झाले आणि १५ डिसेंबर १९४७ला अधिकारी. जम्मू-काश्मीरमधल्या ज्या चार दिवसांनी त्यांचं नाव झालं त्या दिवसांत त्यांच्या खांद्यावरचा तारा चार महिन्यांचाही नव्हता. त्याखाली आठ वर्षांचं सॅपरचं काम मात्र होतं.

“हवालदाराचा साहेब झालेला माणूस,” मामा म्हणाला. “पुस्तकातून आलेला नव्हे. मातीतून.”

“ते मान्य. म्हणून तर म्हणते, त्यांना छत्रीची गरज नाही. वाचू?”

तिनं वाचायला सुरुवात केली. काम होतं नौशेरा ते राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करायचं. ८ एप्रिल १९४८, सकाळी ११. राणे आणि त्यांची तुकडी रणगाड्यांजवळ सुरुंग काढायला निघण्याच्या तयारीत असताना शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जण ठार, पाच जखमी, आणि त्या पाचांत राणे स्वतः. उरलेल्यांची त्यांनी तिथेच जुळवाजुळव केली आणि काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमाराला बरवाली टेकडी हाती आली. पुढचा भाग शत्रूनं पुरता सोडलेला नव्हता हे ठाऊक असूनही राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढू लागले. शत्रूला ते उघड दिसत होते. रात्री १०पर्यंत काम.

९ एप्रिल. सकाळी ६ला पुन्हा सुरुवात. दुपारी ३ला वळणरस्ता तयार. मग सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये, म्हणजे लहान चिलखती गाडीत, राणे चढले. अर्धा मैल गेल्यावर वाटेत चीडची झाडं आडवी टाकलेली. उतरून ती सुरुंगानं उडवली. ३०० यार्डांवर पुन्हा तेच. ५च्या सुमाराला डोंगराला वळसे घेत जाणाऱ्या रस्त्यावर मोडलेली मोरी, तिच्यावर मशिनगनचा रोख. तिच्या बाजूनं वाट काढली. सव्वासहाला उजेड जाऊ लागला आणि पुढे पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग, वरून मशिनगन. राणे तरीही सुरुंग काढायला बसले. शेवटी रणगाड्यांच्या कमांडरनं परिस्थिती बघून सगळा ताफाच थांबवला.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला त्याच पाच झाडांपाशी. साडेसहापर्यंत ती बाजूला. पुढचे हजार यार्ड नुसते अडथळे आणि उडवलेले बांध. साडेदहापर्यंत तेही मोकळे. रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ला चिंगसला पोचले. राणे मागेच राहिले, कारण रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ताच लागणार होता. न खाता, न थांबता रात्री ९पर्यंत. ११ एप्रिल. सकाळी ६ला सुरू, ११ला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि त्याच्या पुढचा साफ करत रात्री १०. दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला फौज राजौरीत शिरली.

“मी बेरीज केली,” ती म्हणाली. “चार दिवसांत साडेपंचावन्न तास, तेही पहिल्याच सकाळी जखमी झाल्यावर. आमच्याकडे टाकीत उतरणाऱ्या माणसाला आठ तासांवर ठेवला तर मी परमिट रद्द करते. सोळाव्या तासाला माणसाचा हात त्याचा राहत नाही. तुझ्या रणगाड्याखालच्या गोष्टीत एक दिवस आहे, एक अंगावर काटा आहे. या कागदात चार सकाळी आहेत. मला ९ तारखेची सकाळ सगळ्यात भारी वाटते. आदल्या दिवशी काय होणार हे कदाचित माहीत नव्हतं. ९ला सहा वाजता उठताना माहीत होतं.”

मामा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मुलांना तासांची बेरीज सांगू? ती जांभया देतील. गोष्ट सांगितली तर घरी जाऊन आईला सांगतील. आणि गोष्ट खोटी आहे असं तुझा कागद म्हणत नाही. तो फक्त गप्प आहे. माणसं दिवसभर मशिनगनखाली रणगाड्याला लागून काम करतायत म्हटल्यावर कुणी पोटाखाली शिरलाच नसेल असं म्हणायला तू होतीस तिथे?”

“नव्हते. म्हणून तर म्हणते, ‘असं सांगतात’ एवढं तरी लिहू.”

“लिही,” मामा म्हणाला. पहिली तडजोड झाली.

खरा मामा मग दिसला. “तुला सुरुंग काढणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही,” असं म्हणत त्यानं रिकाम्या डब्यांची दोन्ही झाकणं घेतली, तिला पाठ फिरवायला लावली आणि भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत ती पुरली. वरून हातानं वाळू सारखी केली, थोडी सुरूची पानं टाकली. “शोध.”

तिनं काडी उभी खुपसली.

“मेलीस,” मामा म्हणाला. “सुरुंगाचं डोकं वर असतं. वरून दाबलास की तो आपलं काम करणार. काडी तिरकी घाल, जमिनीला टेकत आलेली. म्हणजे त्याच्या बरगडीला लागेल, डोक्याला नाही. लष्करात यासाठी लोखंडी सळई असते, नसेल तर संगीन. खुपसायचं नाही, विचारायचं. दर दोन-तीन बोटांवर एकदा. दगड लागला तरी तो सुरुंगच समजायचा.”

ती गुडघ्यांवर बसली. वाळू मऊ होती, तरी १० मिनिटांत तिचे खांदे भरून आले. मग काडीला काहीतरी कडक लागलं. मामा पोटावर आडवा झाला आणि देवघरातलं निर्माल्य उचलावं तसं बोटांनी वाळूचा एकेक चिमटा बाजूला करू लागला. झाकणाची कड चमकली. “दिसला म्हणून उचलायचा नाही. खाली दुसरा ठेवलेला असू शकतो, किंवा तार. कडेनं बोट फिरवून बघायचं. शंका आली तर दोरी बांधायची, लांब जाऊन आडवं पडायचं आणि ओढायचं. हे झालं एक. आता हेच डोंगरातल्या खडकाळ रस्त्यावर कर, अंधारात, मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घेऊन, आणि समोरून कुणीतरी तुझ्यावर नेम धरलाय.”

“मांडीत होता?”

“जखम कुठे होती ते मला ठाऊक नाही. मांडीत धरून बघ.”

तिनं हसून तेही लिहायचं नाही असं ठरवलं. मग वळून विचारलं, “मामा, मग त्या दोघांचं काय? पहिल्याच तासाला गेले ते. पाच जखमी झाले, त्यांतल्या एकालाच परमवीरचक्र. तुझ्या भाषणात बाकीच्यांसाठी अर्धं वाक्य आहे.”

हा प्रश्न मामाला नवा नसावा. पलटणीत याचं ठरलेलं उत्तर असतं. पदक एका छातीवर असलं तरी ते अख्ख्या कंपनीचं, ३७ असॉल्ट फील्ड कंपनीचं. साहेब पुढच्या कॅरियरमध्ये बसला म्हणून मागची माणसं चालली. निर्णय त्याचा, जोखीमही पहिली त्याची. “अधिकाऱ्याला मागे राहून हुकूम देता येतो, बाय. राणेसाहेब पुढे बसले. पदक त्याचं आहे.”

“साहेबाला पुढे बसायचं की मागे, हे निवडता आलं. सॅपरला आलं का?”

मामा गप्प.

“आणि आपल्याकडेच बघ,” ती पुढे म्हणाली. “पालघरात १४ ऑगस्ट १९४२ला इंग्रजांच्या गोळीबारात पाच जण गेले. आपण दरवर्षी त्या दिवशी हुतात्मा स्तंभापाशी पाचांचीही नावं घेतो. तिथे अधिकारी-सॅपर असं काही नाही. पाच म्हणजे पाच.”

“तो स्तंभ मेलेल्यांचा आहे,” मामा म्हणाला. “त्यांच्याकडून आता काही करून घ्यायचं नसतं. पदक जिवंत फौजेसाठी असतं. उद्या दुसऱ्या रस्त्यावर दुसरे सुरुंग असणार आहेत, ते काढायला कुणीतरी पुढे बसायला हवं. म्हणून एकाला उभं करून दाखवायचं की असं. अन्याय आहे? आहे थोडा. पण १९४१मध्ये भगतसाहेबांना उभं केलं नसतं तर सॅपरच्या कामाला कोण विचारत होतं?”

प्रेमिंद्रसिंग भगत हे मामाचं दुसरं दैवत. तेही सेकंड लेफ्टनंट, तेही मुंबई सॅपर्सचे. ॲबिसिनियात इटालियन फौज मागे हटत होती आणि वाट सुरुंगांनी भरलेली होती. ३१ जानेवारी ते ४ फेब्रुवारी १९४१ या दिवसांत भगत पुढच्या कॅरियरमध्ये बसून ५५ मैल रस्ता आणि १५ सुरुंगक्षेत्रं साफ करत गेले. त्यांच्याखालच्या दोन गाड्या उडाल्या, एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी काम दुसऱ्याकडे दिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. सात वर्षांनी राणेंनी केलं ते याच जातीचं काम, त्याच घराण्यातलं, त्याच हुद्द्यावर. तलवार उपसून धावून जाण्याचं शौर्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. पोटावर झोपून वाळू चाळण्याला शौर्य म्हणायचं हे या दोन सेकंड लेफ्टनंटांनी शिकवलं, असं मामाचं म्हणणं.

“दोघंही जगले,” भाची म्हणाली. “पहिल्याच सुरुंगावर पाय पडला असता तर? तेवढाच शूर माणूस, पण नाव कुठेही नाही. म्हणजे पदक नशिबाला मिळतं.”

“चूक. परमवीरचक्र आजपर्यंत २१ जणांना मिळालं, त्यांतल्या १४ जणांना मरणोत्तर. मरण आड येत नाही.”

“मग काय आड येतं?”

मामानं वाळूवर बोटानं रेघ ओढली. “बघणारा नसणं.”

या एका वाक्यावर दोघं थोडा वेळ एकाच बाजूला आले. पदक ही शेवटी साक्ष असते. कुणीतरी बघावं लागतं, बघणाऱ्यानं जगून परतावं लागतं, आणि कमांडिंग ऑफिसरनं ते नीट लिहून वर पाठवावं लागतं. मग कागद ब्रिगेड, डिव्हिजन असा चढत जातो. अरुण खेत्रपाल यांचं उदाहरण मामानं दिलं. जन्म पुण्याचा, हुद्दा सेकंड लेफ्टनंट, वय २१. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत त्यांचा ‘फॅमागुस्टा’ नावाचा रणगाडा पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम आला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे असं त्यांनी वायरलेसवर कळवलं आणि ते लढत राहिले. वायरलेसवर ऐकणारे होते, म्हणून ते शब्द उरले. पुढे २००१मध्ये त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर, लाहोरला गेले तेव्हा ज्यांच्या घरी ते उतरले त्या यजमानांनीच, ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला असं त्यांना सांगितलं. साक्ष समोरच्या बाजूनंही येते.

“त्याहून पुढचं ऐक,” मामा म्हणाला. “कारगिलला टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेर खान पडला. कॅप्टन हा हुद्दा, कर्नल हे त्याचं नाव. त्यांचा देश तेव्हा म्हणत होता, ही आमची फौजच नाही. आपले ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवून मृतदेह पाठवला, हा शूरपणे लढला म्हणून. त्याला त्यांचं सर्वोच्च पदक, निशान-ए-हैदर मिळालं.”

“म्हणजे शत्रूनं लिहिलं म्हणून.”

“शत्रूनं बघितलं म्हणून.”

ऊन कलायला लागलं होतं. सातपाटीकडच्या होड्या दिसत होत्या. मामाला आता बोलायची लय सापडली होती आणि तो एकदम तारापूरला पोचला. “तू रोज जातेस त्या वसाहतीचं नाव एका परमवीराच्या आडनावात आहे, माहीत आहे ना? लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर. १९६५, फिलोरा. पूना हॉर्स, म्हणजे खेत्रपालांचीच रेजिमेंट. तारापोर घराण्यात सांगतात, पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या फौजेत होते, पराक्रमाबद्दल १०० गावं इनाम मिळाली, त्यांतलं मुख्य गाव तारापूर.”

भाचीचा चेहरा बघून मामानं काडी पुन्हा दातात धरली.

“मामा, तारापूर १७३९पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत घेतलं ते. आपला शिरगावचा किल्लासुद्धा त्याच मोहिमेतला. महाराजांनी दुसऱ्याच्या ताब्यातलं गाव इनाम कसं दिलं?”

“कागदावर द्यायचं, तलवारीनं घ्यायचं. त्या काळी असंच चालायचं. अजून हाती न आलेल्या मुलखाच्या सनदा कितीजणांनी घेतल्या.” मामा स्वतःच्याच उत्तरावर खूश झाला. “आणि तारापूर घेतलं कसं? सुरुंगानं. तटाखाली बोगदा खणून, दारू भरून. सॅपरचंच काम. सरदार बाजी भिवराव तिथे पडले, त्यांचं नाव आपल्याला पाठ. खणणारे कोण होते?”

“हेच मी मघापासून म्हणतेय.”

मामाच्या लक्षात आलं की तो तिच्याच बाजूनं बोलून बसला. त्यानं विषय बदलून पाहिला. राणे १९६८मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले. नोकरीत पाच वेळा त्यांचा युद्धवृत्तात गौरवपूर्ण उल्लेख झाला. ११ जुलै १९९४ला ते पुण्यात वारले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि २३ जानेवारी २०२३ला अंदमानातल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली तेव्हा एक बेट राणे द्वीप झालं. भाची ऐकत होती, पण ती टाइप करत होती काहीतरी वेगळं.

“एक सांग,” ती म्हणाली. “९ एप्रिलला सकाळी सहाला उठले तेव्हा परमवीरचक्र डोक्यात असेल?”

“कसं असेल? तेव्हा ते नव्हतंच.”

“म्हणजे?”

“पदक सुरू झालं २६ जानेवारी १९५०ला. लागू केलं मागच्या तारखेनं, १५ ऑगस्ट १९४७पासून. इंग्रजांची पदकं आपल्यासाठी संपलेली, आपली अजून जन्मायची. चित्र काढलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं स्वित्झर्लंडच्या, मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून इकडच्या झालेल्या. ब्राँझची एवढीशी चकती,” मामानं अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवलं, “साडेतीन सेंटिमीटर. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, जांभळी फीत. इंद्रानं वज्र कशाचं केलं ठाऊक आहे ना? दधिची ऋषींच्या हाडांचं. मागितल्यावर दिली त्यांनी.”

भाचीनं मान वर केली. “मामा, मग तुझं मघाचं चुकलं. पदक असतं म्हणून माणसं पुढे बसतात असं नाही. राणे बसले तेव्हा समोर पदकच नव्हतं.”

“भगतसाहेबांचं उदाहरण समोर होतं ना. खडकीत प्रत्येक सॅपरला ते माहीत. राणेसाहेब तर भगतसाहेबांना क्रॉस मिळाला तेव्हा सॅपरच होते. आपल्याच कामाला एवढा मान मिळतो हे बघितलेला माणूस तो.” मामा थांबला. मग हळू आवाजात म्हणाला, “पण ४८ साली पहाटे पावणेपाचला ते झाड ढकलताना हे आठवत असेल, असं मी म्हणणार नाही. तेव्हा झाड आठवतं. फक्त झाड. मी छोट्या छोट्या सुरुंगांवर काम केलंय, सरावाच्या. तरी सांगतो, दुसरं काही डोक्यात येतच नाही. घरसुद्धा.”

हे वाक्य भाषणात घे, असं ती म्हणाली. ते मुलांना सांगायचं नसतं, असं तो म्हणाला. यावर त्यांचं एकमत झालं नाही. दोन मृतांबद्दल मात्र झालं : भाषण सुरू होण्याआधी शाळेनं उभं राहायचं, त्या दोघांसाठी आणि पाच जखमींसाठी, आणि राणेंचं नाव त्या पाचांतलं एक म्हणून घ्यायचं. पदक मागाहून. रणगाड्याचं पोट राहिलं, ‘असं सांगतात’सकट. वेळांसाठी मामानं तीन मिनिटं दिली, तीही कुरकुरत.

“निघू या,” भाची म्हणाली. “दुसरं झाकण कुठेय?”

मामानं वाळूकडे बघितलं. सुरूची पानं वाऱ्यानं सगळीकडे सारखी पसरली होती. त्यानं दोन पावलं डावीकडे टाकली, मग उजवीकडे, मग परत आला.

“मामा, तूच पुरलंयस.”

“हो. म्हणून आधी नकाशा काढायचा असतो. नाही काढला.”

दोघं गुडघ्यांवर बसली. तिनं काडी तिरकी धरली, दर तीन बोटांवर एकदा विचारत गेली. मामा दुसऱ्या टोकाकडून येत होता. एकदा काडीला काहीतरी लागलं, ते शिंपलं निघालं. पुन्हा लागलं, ती बाटलीची काच होती. वाळूचा रंग हळूहळू पाण्यासारखा झाला आणि मामाची काडी तिला दिसेनाशी झाली.

तिनं मोबाइल बघितला. सव्वासहा.

“थांबायचं,” मामा म्हणाला. त्यानं चार काड्या चार कोपऱ्यांना उभ्या रोवल्या आणि मधल्या जागेत कुणी पाय देऊ नये म्हणून स्वतःचा रुमाल एका काडीला बांधला. “दोन लावली होती. एक निघालं, एक आहे. लिहून ठेव.”

तिनं भाषणाच्या खालीच लिहिलं : १८.१५, एक बाकी.

“आईचा डबा आहे तो,” ती म्हणाली. “ती मोजून घेते. उद्या माझी सातची शिफ्ट आहे.”

“मग पावणेपाचला ये. सोबत भाकरी आण. मी बॅटरी आणतो.”